व्हिनेगरने पान वाळते, मूळ नाही

तण मारण्याच्या घरगुती कृती बहुतेक एकाच धाटणीच्या असतात. चार लिटर व्हिनेगर, त्यात कपभर मीठ, चमचाभर भांडी घासण्याचे द्रावण. हे सारे फवाऱ्याच्या बाटलीत भरायचे आणि उन्हाच्या दिवशी तणावर मारायचे. संध्याकाळपर्यंत पाने माना टाकतात, दुसऱ्या दिवशी तपकिरी पडतात आणि फवारणाऱ्याला काम फत्ते झाल्यासारखे वाटते. पुढे दोन-तीन आठवड्यांत त्याच जागी हिरवे कोंब डोकावू लागले, की दोष कृतीला दिला जातो. वास्तविक कृतीने तिचे काम चोख केलेले असते. ते काम नेमके कोणते, एवढेच कोणी सांगितलेले नसते.

स्वयंपाकघरातील व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसेटिक आम्ल असते आणि उरलेले जवळजवळ सगळे पाणीच. हे आम्ल सौम्य असल्यामुळे द्रावणातले त्याचे बहुतेक रेणू विघटित न होता अखंड राहतात, आणि अशा विद्युतभार नसलेल्या रेणूंना पेशीपटल फारसे अडवत नाही. आत शिरल्यावर मात्र तेथील द्रव जवळजवळ उदासीन असल्याने त्यांचे विघटन होते, हायड्रोजनचे आयन मोकळे होतात, पेशी आतून आंबट होते आणि पटले फाटून पाणी बाहेर झिरपू लागते. पान जळाले असे आपण म्हणतो, पण खरे तर ते वाळलेले असते. कडक ऊन आणि कोरडी हवा असताना ही फवारणी अधिक लागू पडते ती याचमुळे. थेंब जेथे पडला तेथेच हा सारा परिणाम होतो. ग्लायफोसेटसारखे तणनाशक पानात तयार झालेल्या साखरेबरोबर रसवाहिन्यांतून मुळांपर्यंत पोहोचते, कारण त्या वाहिन्या काही दिवस जिवंत राहतात. व्हिनेगर काही तासांतच तो रस्ता उद्ध्वस्त करते, आणि त्यामुळे त्याला स्वतःलाही त्या रस्त्याने पुढे जाता येत नाही.

एवढे लक्षात घेतले की कोणते तण मरेल आणि कोणते पुन्हा उगवेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २००२ साली जाहीर केलेल्या प्रयोगांत उगवल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांतली तणाची रोपे ५ ते १० टक्के तीव्रतेच्या व्हिनेगरने मेली, तर मोठ्या झालेल्या रोपांसाठी अधिक तीव्र द्रावण लागले. कोवळ्या रोपाजवळ मुळात साठवलेली शिदोरी नसते, त्यामुळे पाने गेली की ते संपते. रुंद पानांच्या तणांचा वाढबिंदू, म्हणजे नवी पाने जेथून फुटतात ती जागा, शेंड्यावर उघडा असतो, म्हणून ती सहज सापडतात. गवताचा वाढबिंदू मात्र बुंध्याशी, पानांच्या आवरणांत दडलेला असतो आणि फवाऱ्याचे थेंब तेथवर पोहोचत नाहीत. हराळीची खोडे जमिनीखालून पसरतात आणि लव्हाळ्याच्या गाठी एकमेकींना धाग्यांनी जोडलेल्या असतात. अशा तणावर व्हिनेगर मारणे म्हणजे त्याची छाटणी करण्यासारखेच आहे. अर्थात वारंवार केलेली छाटणीही निष्फळ नसते. प्रत्येक नवा कोंब साठ्यातली साखर खर्चून वर येतो, आणि त्याने पाने पसरून तो साठा पुन्हा भरण्याआधीच त्याला कापत राहिल्यास मूळ हळूहळू उपाशी पडते. त्यासाठी एखादा पूर्ण हंगाम चिकाटी लागते, आणि मग व्हिनेगर वापरले काय किंवा खुरपे चालवले काय, फरक फारसा उरत नाही.

साबणाचे काम स्वतः तण मारण्याचे नसून थेंबाला पानावर टिकवण्याचे असते. पानावर मेणचट थर असतो. त्यावर पाण्याचा थेंब मण्यासारखा गोल होऊन घरंगळतो, तर साबणामुळे पृष्ठताण कमी होऊन तो पसरतो. येथे एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. खरा साबण म्हणजे मेदाम्लांचा क्षार, आणि तो आम्लात पडला की फाटतो. मेदाम्ले वेगळी होऊन वर गुठळ्या तरंगतात आणि फवाऱ्याचे तोंड तुंबते. भांड्यांसाठीचे द्रवरूप डिटर्जंट आम्लात फाटत नाही, म्हणून या कृतीत तेच चालते. काही जण याच मिश्रणात खाण्याचा सोडाही घालतात. त्याने भरपूर फेस येतो आणि आम्लाचा तेवढाच भाग निकामी होतो. असे मिश्रण पाहायला मोठे गमतीचे असले तरी तणाला त्याचे काही वाटत नाही.

मिठाबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे: ते या कृतीतून काढून टाकावे. मातीतले पाणी मुळाच्या आतल्या रसापेक्षा खारट झाले की परासरणामुळे मुळाला ते ओढून घेता येत नाही, आणि झाड ओल्या मातीतही तहानेने मरते. हा परिणाम तणापुरता मर्यादित राहत नाही. मातीतील जिवाणू व्हिनेगरमधले आम्ल काही दिवसांत खाऊन टाकतात, पण मीठ कोणीही पचवत नाही. ते पाण्याबरोबर केवळ जागा बदलते आणि शेजारच्या वाफ्यातल्या मुळांपर्यंत जाते. शिवाय चिकणमातीच्या कणांना बांधून ठेवणाऱ्या कॅल्शियमची जागा सोडियम घेतो, कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, आणि पाणी मुरणारी भुसभुशीत जमीन ओली असताना चिखल व वाळल्यावर दगड होऊन बसते. जेथे पुढे कधीही काही उगवायला नको, तेथेसुद्धा वाहून जाणारे पाणी कोठे जाते हे आधी पाहावे.

घरगुती म्हणजे निरुपद्रवी ही समजूतही तपासून घ्यावी लागते. बागेसाठी २० ते ३० टक्के तीव्रतेचे व्हिनेगर विकत मिळते. त्याने त्वचा भाजते आणि डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा असल्याशिवाय त्याला हात लावू नये. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांना तोंडावाटे दिल्यास निम्मे प्राणी मरतील अशी मात्रा ॲसेटिक आम्लासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ३.३ ग्रॅम, मिठासाठी सुमारे ३ ग्रॅम, तर ग्लायफोसेटसाठी सुमारे ५ ग्रॅम आहे. ही मोजणी केवळ एका वेळच्या विषबाधेची असते आणि दीर्घकाळच्या संपर्काविषयी ती काहीच सांगत नाही, हे खरे. पण निसर्गातले ते सौम्य आणि कारखान्यातले ते जहाल, ही सोपी विभागणी तिच्यापुढे टिकत नाही.

उकळते पाणी हा मला या साऱ्यांत सर्वांत प्रामाणिक उपाय वाटतो. साठ अंशांच्या आसपास प्रथिने विस्कटू लागतात, पेशीपटले ढिली पडतात आणि रोप निमूटपणे मरते. मागे उरते ते फक्त पाणी. फरशांच्या फटींत किंवा पायवाटेच्या कडेला तोटीच्या भांड्याने ते नेमके ओतता येते. मातीत शिरताना मात्र ते झपाट्याने निवते, त्यामुळे खोल सोटमुळाचा खालचा भाग वाचतो. वाफ्यात ते वापरू नये, कारण पोसलेल्या रोपांची मुळे आणि गांडुळे यांनाही ते तसेच भाजते.

या सर्व उपायांच्या आवाक्याबाहेर राहते ते मातीत झोपलेले बी. विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये वेगवेगळ्या जातींच्या बिया ओलसर वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरल्या. त्यातली सोळावी बाटली २०२१ मध्ये, म्हणजे १४२ वर्षांनी, उकरली गेली आणि तिच्यातल्या व्हर्बॅस्कम नावाच्या तणाच्या बियांना कोंब फुटले. अनेक तणांच्या बियांना उगवण्यासाठी उजेडाची चाहूल लागते. ती नसेल तर त्या वर्षानुवर्षे वाट पाहतात. वाफ्यावर ७ ते १० सेंटिमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे किंवा भुश्शाचे आच्छादन घातले की हीच चाहूल तुटते, आणि बियांच्या बाबतीत कोणत्याही फवारणीपेक्षा ते अधिक काम करते.

पेरणीच्या वाफ्यात मात्र आच्छादन आधी घालता येत नाही, आणि तेथे सौम्य व्हिनेगरला त्याची खरी जागा मिळते. वाफा नीट तयार करून पाणी द्यावे आणि दहा-पंधरा दिवस मोकळा ठेवावा. वरच्या थरातले तण उगवून दोन पानांवर आले की कोरड्या उन्हात व्हिनेगर आणि डिटर्जंटची फवारणी करावी. आम्ल विरण्यासाठी काही दिवस जाऊ द्यावेत आणि मग बी बसेल एवढीच उथळ रेघ ओढून पेरणी करावी. येथे कुदळ खोल घातली, तर खालच्या थरातले ताजे बी उजेडात येते आणि पंधरा दिवसांची वाट पाहणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.