पाचगणीचा पियानोवाला पोरगा ते क्वीनचा फ्रेडी

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हटलं की पिवळं जॅकेट, मिशी, हातात अर्धाच माईक स्टँड आणि समोर तुडुंब भरलेलं स्टेडियम हेच डोळ्यांसमोर येतं, पण हा माणूस आधी आपल्या पाचगणीत पियानो वाजवायचा हे आजही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मूळ नाव फारोख बलसारा, पारशी घर. जन्म 5 सप्टेंबर 1946, पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा. वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर. पोरगा आठेक वर्षांचा असताना त्याला समुद्रापार पाचगणीच्या सेंट पीटर्स बोर्डिंगमध्ये धाडलं आणि फारोखचा फ्रेडी झाला तो तिथेच. पियानो शिकला, आणि 1958 मध्ये, म्हणजे जेमतेम बाराव्या वर्षी, मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्डची गाणी वाजवायचे. गंमत म्हणजे त्या बँडचा मेन सिंगर दुसराच होता, फ्रेडी पियानोवर. मला त्याच्या सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात भारी वाटतं.

पुढे तो झांझिबारला परतला, पण 1964 मध्ये तिथे क्रांती झाली, सुलतानाची सत्ता गेली, मारहाण-लुटालूट सुरू झाली आणि हे कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथे ईलिंगच्या आर्ट कॉलेजात तो ग्राफिक डिझाईन शिकला, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण कपडे, लाईट, स्टेजवर उभं कसं राहायचं, सगळ्याकडे तो चित्र काढणाऱ्याच्या नजरेनेच बघायचा. क्वीनचा लोगोसुद्धा त्यानेच काढलाय, चौघांच्या राशी घेऊन: दोन सिंह, एक खेकडा आणि त्याच्या स्वतःच्या कन्या राशीच्या दोन पऱ्या. तो अर्धा स्टँड म्हणजे सुरुवातीच्या एका शोमध्ये स्टँड मोडला आणि त्याने तसाच हातात धरून गाणं पुढे नेलं, मग कायमचाच ठेवला.

ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचा ‘स्माईल’ बँड होता, त्यांचा गायक सोडून गेल्यावर 1970 मध्ये फ्रेडी आला आणि ‘क्वीन’ हे नाव त्याचंच. 1971 मध्ये बेस गिटारवर जॉन डीकन आला आणि मग हे चौघे शेवटपर्यंत बदलले नाहीत. एकट्या फ्रेडीला क्वीन समजणं मला पटत नाही, ब्रायन मेने वडिलांसोबत घरी बनवलेल्या गिटारचा आवाज काढून टाकला तर काय उरतं सांगा!

1975 चं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ मात्र फ्रेडीचं, पियानोवर बसून रचलेलं. जवळजवळ सहा मिनिटांचं, रेडिओवर एवढं लांब गाणं कोण लावणार असं रेकॉर्ड कंपनीला वाटत होतं. ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्य संगीतनाटकाच्या ढंगाच्या तुकड्यात अख्खा कोरस वाटतो ना, ते फक्त तिघांचे आवाज आहेत, एकावर एक इतक्या वेळा रेकॉर्ड केले की टेप झिजून आरपार दिसायला लागली. ब्रिटनमध्ये सलग 9 आठवडे नंबर वन राहिलं.

13 जुलै 1985, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा ‘लाईव्ह एड’ कार्यक्रम, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, समोर 72 हजारांच्या आसपास माणसं. जेमतेम वीस मिनिटं मिळालेली. आणि फ्रेडी धावत स्टेजवर आला तो आधी जाऊन बसला पियानोवर, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चे पहिले सूर तिथूनच वाजवले, आणि मग उठून तो अर्धा स्टँड हातात घेतला.