दृश्य-संघटन मापन (मेंदूच्या इजेनंतरचे)

डोळ्यांना दिसलेले सुटे भाग जुळवून त्यांतून एक वस्तू किंवा मांडणी ओळखणे, याला दृश्य-संघटन म्हणतात. अपघात, पक्षाघात किंवा मेंदूतील गाठ यांमुळे ही क्षमता कितपत बिघडली आहे, हे पाहण्यासाठी काही चाचण्या वापरतात. अशा रुग्णाची नजर शाबूत असते, तरी भरलेल्या ट्रॉलीतली सांडशी सापडत नाही. ठाणे स्थानकावर इंडिकेटर दिसतो, पण गाडीचे नाव, धिमी-जलद आणि वेळ यांची सांगड लागत नाही. घरच्यांना वाटते, चष्म्याचा नंबर वाढला.

या मापनाच्या उगमाबद्दल एकमत नाही. आकृती मुळात जुळतच नाही आणि जुळलेल्या आकृतीचा अर्थ लागत नाही, असे दोन दोष लिसाउअर यांनी १८९० मध्ये वेगळे केले. काही अभ्यासक आरंभ तेथे मानतात. इतर काही जण तो मान पॉपेलरॉयटर यांना देतात. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांना त्यांनी एकावर एक काढलेल्या वस्तूंची रेखाचित्रे दाखवली (१९१७). संकल्पना लिसाउअर यांची खरी. चाचणीपुरते पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कोह्स यांचे नमुन्याबरहुकूम रचना जुळवायचे रंगीत ठोकळे (१९२०) कधीकधी याच मालिकेत आरंभी धरतात, परंतु ते बुद्धिमापनासाठी होते. मेंदूच्या इजेसाठी त्यांचा वापर नंतरचा.

हूपर यांची चाचणी (१९५८) नावानेच दृश्य-संघटनाची आहे. तीत तुकडे करून विखुरलेल्या वस्तूंची ३० चित्रे असतात. तुकडे मनातल्या मनात जुळवून नाव सांगायचे. अंशतः बरोबर उत्तराला काही ठिकाणी अर्धा गुण मिळतो. मेंदूच्या उजव्या भागाची इजा हिच्यातून नेमकी कळते, असा समज बराच काळ होता. केवळ कमी गुणांवरून इजेची बाजू ठरवू नये, हे मत आता अधिक मान्य आहे. अडचण नाव सांगण्यातही आहे. 'ते... गरम पातेलं उचलायचं' असे म्हणत रुग्ण बोटांनी चिमटा करून दाखवतो, तेव्हा सांडशी जुळलेली असते, शब्द हरवलेला असतो. म्हणून नामस्मरणाची (देवाच्या नव्हे, वस्तूंच्या) चाचणी आधी घ्यावी.

रे यांनी १९४१ मध्ये मांडलेली आणि ऑस्टेरिएट यांनी १९४४ मध्ये प्रमाणित केलेली जटिल आकृती पाहून काढायची असते, नंतर आठवून. १८ घटक, प्रत्येकी २, एकूण ३६ गुण. येथे गुणांपेक्षा क्रम बोलका असतो. ठरावीक टप्प्यांवर रुग्णाच्या हाती वेगळ्या रंगाची पेन्सिल दिली, की मोठा आयत आधी आला की कोपऱ्यातला तपशील, हे कागदावर उरते.

डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होणे हा वेगळा दोष असून तो आधी तपासावा लागतो. अशा रुग्णाच्या वाचनात पाटीवरच्या 'घोडबंदर'चे नुसते 'बंदर' होऊ शकते. पुढच्या चाचण्यांत पानाची अर्धी बाजूच सुटली, तर त्याला संघटनाचा दोष म्हणता येत नाही.

भारतात भाटिया यांच्या कृतिचाचणीसंचात (१९५५) कोह्स यांच्या १७ पैकी १० रचना आणि चित्र जुळवण्याचा भाग आहे. पण तोही बुद्धिमापनाचा संच. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेच्या २००४ च्या मेंदू-मानसशास्त्रीय चाचणीसंचात जटिल आकृती असून वय व शिक्षणानुसार प्रमाणके (तुलनेसाठीचे अपेक्षित गुण) दिली आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात चौथी-पाचवीनंतर हाती पेन्सिल न धरलेला कामगार तपासायचा, तर परदेशी तक्त्यापेक्षा ही प्रमाणके बरी. वाकड्या रेषेला सवयीचा अभावही कारण असतो.

कागदी चाचणीबरोबर व्यवसायोपचार तज्ज्ञ (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणारे) प्रत्यक्ष काम पाहतात: ओट्यावर चहा करणे, घडी घालणे, शर्टाची उलटसुलट बाजू ओळखणे.