मानमंदिर, ग्वाल्हेर

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील तोमर राजवाडा. वास्तुकला व धृपद (हिंदुस्थानी संगीतातील जुना, गंभीर गायनप्रकार) या दोहोंच्या इतिहासात याचे नाव येते. राजा मानसिंह तोमर (कारकीर्द १४८६–१५१६, काहींच्या मते १५१७ पर्यंत) याने तो बांधला. पूर्वेकडील सुमारे ९० मी. लांबीच्या दर्शनी भिंतीवर सहा गोल बुरूज असून निळ्या, हिरव्या व पिवळ्या झिलईच्या फरशांत हंस, हत्ती व केळीची झाडे यांचे पट्टे बसविले आहेत. १५२८ मध्ये बाबराने हा वाडा पाहिला. केळीची नक्षी, सोनेरी मुलाम्याचे तांब्याचे घुमट आणि खालचे अंधारे मजले यांची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. मुलामा पुढे नाहीसा झाला. फरशाही बऱ्याच गळाल्या, तरी उरलेला निळा रंग अजून डोळे निववतो.

आत दोन उघडे चौक व त्यांभोवती दालने आहेत. त्यांतील काहींना ‘संगीत दालन’ म्हणतात. दगडी जाळ्यांमागे बसून राजस्त्रिया गाणे ऐकत व शिकत, अशी परंपरा आहे. दगडी जाळी नजर अडवते, आवाज अडवत नाही, त्यामुळे हे अशक्य नाही. परंतु अशा जाळ्या पडद्यासाठी व वाऱ्यासाठी इतर वाड्यांतही असतात. केवळ त्यांवरून दालनाचा उपयोग ठरविणे धाडसाचे होय.

लिखित पुरावा अधिक भरवशाचा आहे. मानसिंहाने नायक बक्षू, मच्छू व भानू यांच्या साहाय्याने लोकांना रुचेल अशी गायनशैली प्रचारात आणल्याचे *आईन-इ-अकबरी* या अकबरकालीन फार्सी ग्रंथात म्हटले आहे. ही शैली म्हणजे देशी भाषेतील धृपद, असे बहुतेक अभ्यासक मानतात. धृपद मानसिंहानेच निर्मिले, हे मत मात्र मागे पडत आहे. त्याने त्याला दरबारी प्रतिष्ठा दिली, एवढे म्हणणे सयुक्तिक. त्याच्या नावावरील *मानकुतूहल* हा संगीतविषयक ग्रंथ मुख्यतः फकिरुल्लाच्या *रागदर्पण* या सतराव्या शतकातील फार्सी ग्रंथावरून परिचित आहे. गुजरी तोडी या रागाचा मानसिंहाच्या मृगनयनी राणीशी जोडलेला संबंध आख्यायिकेच्या पातळीवरचा आहे.

संगीत व वास्तू यांचा खरा दुवा दालनापेक्षा दोहोंच्या पुढील प्रवासात दिसतो. आग्र्याच्या जहांगीरी महालातील कोरीव दगडी हस्त (छज्ज्यांना खालून आधार देणारे दगड) व छज्जे मानमंदिराची आठवण करून देतात. अकबराच्या दरबारी गायक-वादकांच्या यादीतही तानसेनासह ग्वाल्हेरची नावे बरीच आहेत. कारागिरी आणि गाणे एकाच वाटेने आग्र्यास गेले.

मराठी वाचकांस परिचित असलेले ग्वाल्हेर घराणे या धृपद परंपरेहून वेगळे. हद्दू खाँ व हस्सू खाँ यांचे ते ख्यालाचे घराणे एकोणिसाव्या शतकात शिंदे दरबाराच्या आश्रयाने वाढले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमार्फत महाराष्ट्रात आले.

मोगल काळात किल्ला राजबंद्यांसाठी वापरला जाई. औरंगजेबाचा भाऊ मुराद यास १६६१ मध्ये येथेच देहदंड देण्यात आला.