‘टेन्शन घेऊ नका’ हे कॉर्टिसॉलला ऐकू येत नाही

२०२० च्या मार्चनंतर आपल्याकडे सगळ्यात जास्त वाटला गेलेला आरोग्यसल्ला म्हणजे ‘टेन्शन घेऊ नका, इम्युनिटी कमी होते’. सोसायटीच्या ग्रुपवर तो होता, वाहिन्यांवरच्या चर्चांमध्ये होता, विलगीकरणातल्या नातेवाइकाशी बोलताना फोन ठेवण्यापूर्वीचं वाक्यही बहुधा तेच असायचं. अजूनही कुठल्या साथीची बातमी आली की तो नव्याने फिरू लागतो. सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते आणि सल्ल्यात तथ्यही आहे. पण ताण म्हणजे मनाने घेतलेला निर्णय आणि मनाला बजावलं की तो मागे घेता येतो, हा त्यामागचा समज साफ चुकीचा आहे. या समजापायी कितीतरी माणसं ‘मीच कमकुवत मनाचा’ म्हणत स्वतःलाच दोष देत राहिली. म्हणून शरीरात ताण चालतो कसा, ते नीट समजून घ्यायला हवं. माझ्या मते शरीरातल्या सर्वांत देखण्या यंत्रणांपैकी ही एक आहे.

धोका जाणवला की पहिल्या काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन सुटतं. छाती धडधडते, तळहातांना घाम येतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यानंतर सावकाश सुरू होणारा दुसरा टप्पा मात्र फारसा कुणी सांगत नाही. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं रसायन सोडतो. ते लगतच्या पीयूषिका ग्रंथीत पोचलं की ती रक्तात एसीटीएच हे संप्रेरक (हार्मोन) सोडते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींना तो निरोप मिळाला की त्या कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बनवू लागतात. साधारण वीस ते तीस मिनिटांत रक्तातलं कॉर्टिसॉल शिगेला पोचतं. ते यकृतातून साखर बाहेर काढायला लावतं, रक्तदाब टिकवतं, दाह (इन्फ्लमेशन) आवरतं आणि तूर्त टाळता येण्याजोगी कामं बाजूला ठेवतं. संकटातून निभावून न्यायला हे सगळं लागतंच. कॉर्टिसॉल शत्रू नाही. ज्यांच्या शरीरात ते पुरेसं बनत नाही, त्यांना रोज औषध म्हणून घ्यावं लागतं.

आता ते थांबतं कसं? गच्चीवरच्या टाकीत पाणी वर आलं की तरंगता बॉल वर उचलला जातो आणि नळ आपोआप बंद होतो. इथेही तसंच आहे. वाढलेलं कॉर्टिसॉल रक्तातून परत मेंदूत जातं आणि हायपोथॅलॅमस व पीयूषिका या दोघांनाही ‘पुरे’ असा निरोप देतं. नळ बंद करणारं पाणी त्याच नळातून आलेलं असतं.

हा बॉल पेशीच्या आत कसा दिसतो? कॉर्टिसॉलचा रेणू स्निग्धात विरघळणारा आहे, त्यामुळे तो पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो. आत त्याला पकडणारी ग्राही प्रथिनं दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकाराची पकड दुसऱ्याच्या सुमारे दहापट घट्ट, त्यामुळे कॉर्टिसॉल अगदी कमी असतानाही ती बहुतेक भरलेलीच असतात. दुसरा प्रकार ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीचा. ही ग्राही सकाळी किंवा ताणाच्या वेळी पातळी चढली तरच भरतात. रिकामी असताना एचएसपी९० वगैरे सोबती प्रथिनं त्यांना पेशीद्रवात धरून ठेवतात. कॉर्टिसॉल येऊन बसलं की ग्राहीचा आकार बदलतो, ते काही मिनिटांत पेशीकेंद्रकात शिरतं, डीएनएवर जाऊन बसतं आणि काही जनुकं चालू, काही बंद करतं. हायपोथॅलॅमसमध्ये जे जनुक मंदावतं, ते सीआरएच बनवणारंच. आणखी एक गंमत म्हणजे चालू होणाऱ्या जनुकांमध्ये एफकेबीपी५ हे जनुक आहे. त्यापासून बनणारं प्रथिन त्याच ग्राहीची पकड सैल करतं. म्हणजे एका वर्तुळाच्या पोटात दुसरं, छोटं वर्तुळ. ताण तासाभराचा असेल तर ही दोन्ही वर्तुळं मिळून पातळी सुरेख सावरतात. तो महिनोन्‌महिने चालला तर ग्राही कॉर्टिसॉलला दाद देईनाशी होऊ शकतात. या गुंत्यात पेशीबिशी डोक्यावरून गेल्या असतील तर एवढंच धरून चला की पाणी चढलं तरी बॉल उचलला जात नाही.

प्रतिकारशक्तीचा संबंध इथे येतो. रोगप्रतिकारक पेशींमध्येही हीच ग्राही असतात. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांचा १९९१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या ताणाची आधी मोजदाद केली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब सोडले. पाच विषाणूंपैकी एक २२९ई हा करोनाविषाणूच होता, अर्थात कोविडचा नव्हे, साध्या सर्दीचा. ताण सर्वांत कमी असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना सर्दी झाली, सर्वांत जास्त असलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना. याच गटाने २०१२ मध्ये दाखवलं की दीर्घ ताणाखालच्या माणसांच्या प्रतिकारक पेशी कॉर्टिसॉलच्या ‘पुरे’ या निरोपाला कमी प्रतिसाद देतात. दाह आवरायला कुणी उरत नाही.

‘इम्युनिटी बूस्टर’ या नावाखाली काढे, गोळ्या आणि थेंब विकणाऱ्यांनी लोकांची केवढी दिशाभूल केली, ते इथे कळतं. प्रतिकारशक्ती जितकी चढवावी तितकी चांगली, असं मुळीच नसतं. गंभीर कोविडमध्ये अनेकांच्या फुप्फुसांचा घात बेफाम दाहाने केला. म्हणूनच जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कामी आलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटवले, नुसत्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही. हे औषध काम करतं कॉर्टिसॉलच्याच ग्राहीवर. आणि त्याच ग्राहीमार्फत ते रक्तातली साखरही वाढवतं. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) रुग्ण वाढले, तेव्हा अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक ही दोन मोठी कारणं पुढे आली. इतक्या नाजूक तोलाच्या यंत्रणेला ‘बूस्ट’ करतो म्हणणाऱ्याला ‘नेमकी कुठली पेशी, आणि किती?’ एवढं जरूर विचारावं. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्यावर त्या कंपनांनी विषाणू मरतो असे संदेश फिरले होते. तेही याच जातीचे. कृतज्ञता म्हणून थाळी वाजवणं ही एक गोष्ट, तिला जीवशास्त्र म्हणून खपवणं ही दुसरी.

पण साथीतला ताण इतका चिवट का ठरला? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१६ च्या एका प्रयोगात ४५ जणांना संगणकावर दगड दाखवून ‘याखाली साप आहे का?’ असं विचारलं. साप निघाला की हाताला विजेचा दुखेल असा झटका बसायचा. झटका नक्की बसणार हे ठाऊक असलेल्यांचा ताण सर्वाधिक असेल असं आपल्याला वाटेल. तसं झालं नाही. डोळ्यांच्या बाहुल्या आणि त्वचेवरचा घाम सांगत होते की शक्यता बरोबर निम्मी-निम्मी असते, तेव्हा ताण सर्वांत जास्त असतो. हा खोकला साधा की तो? नोकरी राहील की जाईल? टाळेबंदी उठेल की वाढेल? वर्ष-दीड वर्ष आपण अशाच दगडांसमोर बसून होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण जगभर २५ टक्क्यांनी वाढलं, त्यातही तरुण आणि स्त्रियांना झळ जास्त बसली. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही.

बातम्यांनी ही अनिश्चितता कमी होईल असं वाटतं, म्हणून माणूस बघत राहतो. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली होती.

आणि मग दिनक्रम. कॉर्टिसॉलला स्वतःची रोजची लय आहे. मध्यरात्रीच्या सुमारास ते तळाला असतं, पहाटेपासून चढतं आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेतं. ही लय मेंदूतला सुमारे २०,००० चेतापेशींचा एक ठिपका सांभाळतो आणि स्वतःचं घड्याळ डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर लावून घेतो. खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड शंभर ते तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक), बाहेर सावलीतसुद्धा तो कित्येक हजार. डोंबिवलीहून रोज सकाळची फास्ट पकडणारा माणूस फलाटावर उन्हात उभा राहतो, जिने चढतो-उतरतो, ठरल्या वेळी डबा उघडतो. त्या गर्दीचा त्रास खराच, पण त्याचं शरीरघड्याळ त्यातूनच रोज लागत होतं. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि सर्वसामान्यांसाठी ती पुन्हा उघडली १ फेब्रुवारी २०२१ ला. मधल्या काळात कितीतरी जण दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत लॅपटॉपसमोर आणि रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलसमोर होते. घड्याळ लावणारा उजेड गेला आणि नको तेव्हाचा आला.

म्हणून ‘टेन्शन घेऊ नका’ऐवजी सांगायचंच असेल तर हे सांगा. रोज एकाच वेळी उठा आणि उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाल्कनीत किंवा गच्चीवर जा. बातम्या दिवसातून एकदाच बघा, झोपायच्या आधी नको. घाम येईल इतकं चाला. सात तास झोपा. २०१५ च्या एका प्रयोगात सर्दीचा विषाणू नाकात सोडल्यावर, सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली होती. यातलं काहीच कुणाला चमत्कारिक वाटणार नाही, आणि बहुतेकांना हे माहीतही असतं. पण नुसत्या माहितीने हायपोथॅलॅमस हलत नाही. त्याला उजेड, हालचाल आणि ठरलेली वेळ कळते.

हे सगळं करूनही दोन आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष आणि जगण्यातला रस परत येत नसेल, तर प्रश्न सवयींच्या पलीकडे गेलेला असू शकतो. मधुमेहाला जसे उपचार लागतात तसे इथेही लागतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेला दिसलं होतं की आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना राहतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. फोनवरच्या समुपदेशकाला गरज वाटली तर तो पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो.