मोठ्या अँपिअरच्या अडॅप्टरने एलईडी पट्टी जळत नाही

इंदूरला रामबागेत गणपतीच्या मखराला एलईडी पट्टी लावायला घेतली की कुणीतरी सांगतंच, "अहो, मोठा अडॅप्टर नका लावू, पट्टी उडेल. दोन अँपिअरचाच बरा." हे साफ चूक आहे, आणि याच समजापायी चांगले अडॅप्टर तापून बाद होतात.

अडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती करंट देऊ शकतो, एवढंच. पट्टी आपल्याला लागेल तेवढाच ओढते. पट्टी जळते ती व्होल्ट चुकल्यावर, म्हणजे 12 व्होल्टच्या पट्टीला 24 चा अडॅप्टर जोडला तर.

पट्टीच्या रिळावर मीटरमागे वॉट लिहिलेले असतात. 14.4 असतील तर 5 मीटरचे 72 वॉट. भागिले पट्टीचे 12 व्होल्ट, म्हणजे 6 अँपिअर. तिथे दोनचा अडॅप्टर काय पुरणार? दिवे लुकलुकतात, नाहीतर लागून लगेच विझतात. महाराणी रोडच्या बाजारातून सरळ 8 अँपिअरचा आणा. वायर मात्र तेवढीच जाड घ्या. मोठ्या अडॅप्टरवर शॉर्ट झालं तर बारीक वायर पेटू शकते.

शेवटचं टोक मंद दिसतं तो दोष वेगळा. पट्टीतलं तांबं पातळ, त्यामुळे वाटेत व्होल्ट गळतात. पट्टी चालू ठेवून दोन्ही टोकांना मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, लावा. सुरुवातीला 12 आणि शेवटी 10 दिसले, तर त्याच अडॅप्टरमधून दुसऱ्या टोकालाही वायर द्या. प्लसला प्लस, मायनसला मायनस.