कापलेली स्प्रिंग आणि सावळघाटातलं वळण

माझी २००२ची फियाट पालिओ १.६ ही स्पोर्ट्स कार आहे असं म्हटलं की जाणकार मिशीत हसतात. हसू देत. त्या काळी आपल्याकडे १०० हॉर्सपॉवरची छोटी हॅचबॅक म्हणजे चैन होती, आणि इंजिन आजही चढाला कुरकुरत नाही. म्हातारं झालं होतं ते सस्पेन्शन. त्यावर मी केलेला पहिला इलाज मात्र निव्वळ गाढवपणा होता.

पुढच्या स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा कापून टाकला. गाडी खाली बसली, नाशिकच्या कॉलेज रोडवर पोरं वळून बघायला लागली. मग पेठ रोडला सावळघाटातल्या एका वळणावर, डबक्याएवढ्या खड्ड्यावरून पुढचं चाक उडालं आणि गाडी हातभर बाहेर सरकली. समोरून ट्रक येत नव्हता, एवढंच नशीब.

स्प्रिंग दिसते वेटोळी, पण खरं तर ती गुंडाळून ठेवलेली सळई आहे. गाडी खाली दबते तेव्हा ती सळई पिळली जाते. लांब सळई पिळायला सोपी, आखूड अवघड. सहा कामाच्या वेढ्यांतले दीड गेले की उरलेली स्प्रिंग ३३ टक्के कडक होते. सळईच्या जाडीचा परिणाम तर याहून मोठा, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरऐवजी १३ची सळई घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळतही नाही.

कडक स्प्रिंगवर गाडी भराभर हेलकावते. रोजच्या वापरातल्या गाड्या सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होतात, रेसच्या गाड्या दोन किंवा त्याहून जास्त वेळा. हे हेलकावे थांबवायचं काम शॉकअपचं. आपण त्याला शॉकअप म्हणतो खरं, पण धक्का झेलते स्प्रिंग. शॉकअपच्या आत पिस्टन तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि हेलकाव्याची ऊर्जा उष्णतेत घालवतो. खराब रस्त्यावरून आल्या आल्या नळीला हात लावून बघा, कोमट लागते. माझी स्प्रिंग कडक झाली, शॉकअप मात्र तेच, तेही वीस वर्षांचे आणि ओघळलेले. खड्ड्यातून वर उसळलेलं चाक परत रस्त्यावर टेकायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ त्या टायरला पकड नसते. ना वळायला, ना ब्रेकला.

अंबडच्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढली. मिस्त्रींनी लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुशात, म्हणजे सांध्यातल्या रबरात, टॉमी (लोखंडी दांडा) घालून जरा रेटलं, तर चिरा पडलेलं रबर उघडं पडलं आणि आर्म बोटभर पुढेमागे डोलला. म्हणजे ब्रेक दाबला की चाक स्वतःच्या मर्जीने थोडं वळत होतं. मग त्यांनी आर्मकडे बोट दाखवलं. ‘साहेब, हा बघा. चाकाकडे वर चाललाय.’

मी सगळ्यात जास्त शिकलो ते इथे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, फोर्डच्या एर्ल मॅकफर्सन यांनी १९४०च्या दशकात आणलेली सुटसुटीत रचना, स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. वळणावर गाडीची बॉडी एका काल्पनिक बिंदूभोवती झुकते, त्याला रोल सेंटर म्हणतात. तो बिंदू आर्मच्या कोनावर ठरतो. गाडी चार सेंटिमीटर खाली आणली की गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर उतरतो. आर्म मात्र चाकाकडे वर तिरपा झाला की रोल सेंटर त्याहून कितीतरी जास्त उतरू शकतो. दोघांमधलं अंतर हीच झुकवणारी टॉमी, आणि टॉमी लांब झाली की नट सहज फिरतो हे कुठल्याही गॅरेजातल्या पोराला माहीत असतं. म्हणजे गाडी दिसायला बसकी, पण वळणावर झुकवणारा जोर पहिल्यापेक्षा जास्त. शिवाय स्टिअरिंगच्या टाय रॉडचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचा, कोनही बिघडतो, आणि खड्ड्यात चाक वर गेलं की ते आपोआप थोडं वळतं. सावळघाटात माझ्या हातात स्टिअरिंग का झटकलं, त्याचं उत्तर लिफ्टखाली मान वर करून उभं राहिल्यावर मिळालं.

मागच्या बाजूला फार खोलात जायची गरज पडली नाही. एकच गोष्ट: मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित भराभर हलायला हवी. ६० किलोमीटर वेगात पुढच्या चाकानंतर सुमारे ०.१४ सेकंदाने मागचं चाक त्याच खड्ड्यात पडतं, आणि मागची बाजू थोडी चपळ असली की ती पुढचीला गाठते, गाडी डुलत राहत नाही. इंजिनिअर मॉरिस ओली यांनी हे १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये ताडून पाहिलं होतं. नुसतं पुढचं कडक करून मी ते गणितही उलटं केलं होतं.

शेवटी बुश, बॉल जॉइंट आणि स्ट्रट माउंटिंग नवीन टाकले. मग गॅसचे शॉकअप, आणि त्यांना जुळणाऱ्या जेमतेम कडक स्प्रिंगा. उंची मूळपेक्षा फक्त दीड सेंटिमीटर कमी, कारण गंगापूर रोडचे गतिरोधक कोणाच्या हौसेची पर्वा करत नाहीत. अलाइनमेंट झाल्यावर मिस्त्रींनी बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि तिथेच थांबली.

कापलेल्या स्प्रिंगा पार्किंगमध्ये पडून आहेत. भंगारवाला दोनदा विचारून गेला, किलोवर घेतो म्हणाला.