ध्वन्याधारित वाचनशिक्षण (कोल्हापूर परिसर)

शब्दातले ध्वनी कानाने वेगळे ओळखणे, त्या ध्वनींची अक्षरे शिकणे आणि अक्षरांवरून ध्वनी जुळवून शब्द वाचणे, या गोष्टी लहान मुलांना ठरवून व क्रमाने शिकवण्याची पद्धत. इंग्रजीच्या संदर्भात ती ‘फोनिक्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. कोल्हापुरात पालकांना हे नाव बहुधा इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीच्या जाहिरातींतून कळते. मराठी शाळेत मात्र त्याची गरज नाही असे सर्रास मानले जाते, कारण मराठी ‘जशी बोलतो तशी लिहितो’. ही समजूत अर्धीच खरी आहे. मुले अडतात ती उरलेल्या अर्ध्यात.

वाचनाचे अभ्यासक फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, वाचून समजणे हा अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार असतो. एक बाजू शून्य असली की उत्तरही शून्य. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाने 2000 साली अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन पद्धतशीर ध्वनी-अक्षर शिक्षणाचा लहान मुलांना फायदा होतो, असा निष्कर्ष काढला. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिलीच्या मुलांची तशी तपासणी होते. पण हा पुरावा मुख्यतः इंग्रजीचा, म्हणजे 26 अक्षरांवर चाळीसहून अधिक ध्वनी लादलेल्या भाषेचा आहे. तो जसाच्या तसा उचलणे हा भाबडेपणा होईल. आपल्याला जवळचा दाखला शेजारच्या कन्नडचा. संशोधक सोनाली नाग यांनी 2007 मध्ये दाखवले, की कन्नड मुलांना अक्षरांचा पूर्ण संच आत्मसात करायला काही वर्षे लागतात आणि सुट्या ध्वनींची जाण सावकाश येते. पालघर जिल्ह्यातील वाडा व कर्नाटकातील यादगीर येथे पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरीपर्यंत पोचूनही बऱ्याच मुलांची लिपीवर पकड बसलेली नव्हती, असे त्यात आढळले.

मराठीत तीसहून अधिक व्यंजने आहेत. प्रत्येकाची बाराखडीतली बारा रूपे धरली तर जोडाक्षरांआधीच हिशेब चारशेच्या घरात जातो. त्यातही ‘कि’मधली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. ‘सूर्य’मधला रफार नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण बोलला जातो त्याच्या आधी. ‘घर’मधल्या ‘र’चा अकार आपण गिळतो, ‘करतो’ तर सरळ ‘कर्तो’ म्हणतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ एक नव्हे. बाराखडी तालासुरात घोकणारे मूल पानावर मधलेच ‘मे’ दाखवले की ‘म, मा, मि, मी...’ असे पहिल्यापासून म्हणत येते. ते पाठांतर असते, वाचन नव्हे.

म्हणून वर्णमालेचा क्रम सोडून अक्षरगट घेतले जातात. क, म, ल, र आणि काना एवढ्यावर काका, मामा, मला, काम, कलाकार असे अर्थाचे शब्द पहिल्याच टप्प्यात वाचता येतात. म-भ, घ-ध यांसारख्या दिसायला जवळच्या जोड्या एका गटात ठेवत नाहीत. अक्षर दाखवण्याआधी कानाचे खेळ होतात: ‘रंकाळा’च्या तीन टाळ्या, मग ‘का’ आणि ‘मा’ यांच्या शेवटी काय सारखे ऐकू येते, असा प्रश्न. हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण मात्रेची, म्हणजे स्वरचिन्हाची, समज तिथून सुरू होते. शब्दसाठा परिसरात हवा तेवढा आहे. रस, ऊस, गूळ, काकवी, तालीम, मिसळ हे शब्द सोपे. रस्सा, चप्पल, पन्हाळा पुढचे. ज्योतिबा आणि गुऱ्हाळ आणखी पुढचे. ‘गुऱ्हाळ’मधला अर्धा ‘र’ मोठ्यांनाही लिहिताना चकवतो.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड होता. त्याने मूल शाळेत आणण्याचा प्रश्न हाती घेतला गेला, वर्गात बसलेल्या मुलाला वाचता येण्याचा प्रश्न वेगळाच. लीला पाटील यांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने अनुभव आणि आनंद यांना शिक्षणाच्या मध्यभागी ठेवले. गॉफ-टनमर सूत्रातली भाषेची बाजू अशाच वातावरणात वाढते, त्यामुळे ध्वनिपद्धतीला तिच्या विरोधात उभे करणे चुकीचे आहे. गावोगावच्या कुमार आणि कन्या विद्या मंदिरांत, म्हणजे प्राथमिक शाळांत, आज वाचनाचे उद्दिष्ट येते ते केंद्र सरकारच्या, जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानातून: तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे.

घरची बोली हा इथला कळीचा मुद्दा. घरात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘पाणी’तला ‘ण’ आधी ऐकायला शिकवावा लागतो. बोलणे चुकीचे ठरवून टोकले, तर ते वाचताना तोंडच उघडत नाही. गडहिंग्लज, शिरोळकडे काही घरांत कन्नड, तर चंदगडकडे कोकणीच्या जवळची बोली चालते. तिथे अक्षर जुळवून वाचलेल्या शब्दाचा अर्थही शिकवावा लागतो. ऊसतोड मजुरांची मुले गळीत हंगामात मराठवाड्यातून येतात आणि हंगाम संपला की परततात. वर्गाचा धडा कुठवर आला आहे, यावरून त्यांना शिकवून भागत नाही. कोणती अक्षरे आणि कोणत्या मात्रा येतात हे पाच मिनिटांत तोंडी तपासून तिथूनच पुढचा गट घ्यावा लागतो.